आजोबांचं नाव

आमच्या काशीच्या घरी भाच्याचं बारसं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून मी आमच्या आजोबांचं नाव सुचवलं, ढुंढिराज. भाऊ विश्वजीत खो-खो हसला. "ताई, स्कूल में सब चिढ़ाएँगे!" शेवटी पाठीत धपाटे खात मी बाळाच्या कानात 'कियांश' म्हटलं. अर्थ विचारला तर नवरा-बायको एकमेकांची तोंडं बघायला लागले. गल्लीत आधीच दोन कियांश आहेत, एवढा अर्थ त्यांना पुरला.

परवा विश्वजीतनं पंचगंगा घाटावर कॅफे उघडला. दारावर ही एवढी मोठी पाटी, 'ढुंढिराज'. आता इथे कोणी चिडवणार नाही का, मी विचारलं.



"अगं ताई, टूरिस्ट लोगों को असली नाम चाहिए!"