तिसरी वायर

खराडीतल्या कंपनीनं गेल्या महिन्यात दोघांना नारळ दिला, तेव्हापासून धम्मदीपची झोप उडाली होती. त्यात मॅनेजरनं त्याला आठवडाभराच्या सक्तीच्या रजेवर धाडलं. आज सकाळी मात्र मॅनेजरचा मेसेज आला, "आराम कर. तुझ्यावाचून इथं काहीच अडलेलं नाही," आणि धम्मदीपच्या जिवात जीव आला. वडिलांची आचके देणारी जुनी गाडी घेऊन त्यानं हडपसरचं गॅरेज गाठलं. तिथल्या जयसिंगमामांनी इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढायला घेतल्या. पहिली काढताच इंजिन धडपडलं. ती लावून दुसरी काढली, तर बंदच पडायला आलं. तीही लावून तिसरी काढली, पण आवाजात तसूभरही फरक नाही. "ह्योच प्लग मेलाय," मामा हसले. "काढला तरी इंजिनाला पत्ता न्हाय. टाकू फेकून!" धम्मदीपनं मेसेज पुन्हा वाचला. तो घाईनं पुढं झाला. "मामा, एकदा साफ करून बघा ना."