सावलीतले डोळे

डोळ्यांवर मांस चढतं त्या नाखुन्याचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. शिबिरात लखनलालनं काळा चष्मा काढला. डॉक्टर खूश झाले. "मांस परत वाढलं नाही. चांगलं जपलंत."

"तुमीच सांगतलं होतं ना जी, ऊन नको, धूळ नको. तवापासून धानाच्या बांधीत पाय नाही ठेवला."

"मग शेती कोण करतं?"

"संजूची माय करते," म्हणत त्यानं बायकोला पुढं केलं. "आता इचे डोळे पाहा."

डॉक्टरांनी बॅटरी मारली. चंद्रावतीच्या दोन्ही बुबुळांवर मांस चढलं होतं.

"ऑपरेशन करू. पण मग यांनाही ऊन, धूळ बंद."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही दारात उभ्या असलेल्या नव्या सुनेकडे पाहिलं.