सलग बाक

इंडियानातल्या लिलावात अर्ल जुनी लाल पॉन्टियाक घेऊन आला होता. बायको व्हर्नाच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी गाडी विकायची होती. मी तिथला मूल्यमापक; ज्याखाली गाडी सोडायची नाही ती किमान किंमत मी ठरवणार होतो. म्हटलं, "इंजिन दांडगं बसवलंयस, ब्रेक नवे, भाव चढेल. पण पुढच्या मूळच्या दोन खुर्च्या काढून सलग बाक कशाला टाकलास? त्यापायी भाव उतरणार." अर्ल लाजला. व्हर्ना हसली, "मला खेटून बसता यावं म्हणून. लग्नाआधीचे उद्योग त्याचे!" बोली छत्तीस हजार डॉलरवर अडली. किमान चाळीस ठरले होते. लिलाववाल्याने विचारलं, "छत्तीसला सोडायची?" अर्ल हो म्हणणार, तोच व्हर्ना ओरडली, "मुळीच नाही!" "अगं, आणि तुझे गुडघे?" "तुझी मासेमारीची बोट वीक. तिच्यात मला कधी बसवलंस?" अर्ल खो खो हसत सुटला. मी हळूच विचारलं, "बोट केवढी आहे?"