उंचीचा पास

शिवरामने डोळे मिटले, उजवा पाय उचलला, आणि नेरूळच्या बागेत गुडघेदुखी, बीपी आणि सुटलेली पोटं घेऊन आलेली सगळी मंडळी आपापला ताई चीचा संथ चिनी व्यायाम सोडून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

तो डगमगला. पाय खाली टेकला.

"घाई नको," शिकवणाऱ्या बतूल मॅडम म्हणाल्या. "गुडघा सैल सोडा. श्वास पोटात. सगळं वजन टाचेत उतरू दे."

"उतरत नाय मॅडम. आन् उद्या डॉक्टर हेच करायला लावनार."

त्याचा आवाज रडवेला झाला होता. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांच्या धुराड्यांना तो रंग द्यायचा. चक्कर यायला लागली तसं त्याला घरी बसवलं. आता डोळे मिटून एका पायावर उभं राहता आलं तरच उंचीवर चढायचा पास मिळणार होता, आणि कंत्राटदाराकडे जमिनीवरचं काम नव्हतं. बागेत एक बाई तोल सांभाळायला शिकवतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो रोज सगळ्यांच्या आधी येऊन उभा असायचा. एवढा जीव तोडून शिकणारा माणूस मॅडमना कधी मिळाला नव्हता. बाकीच्यांचं अर्धं लक्ष नंतरच्या इडलीत.

त्याने पुन्हा पाय उचलला. हात हळूहळू बाजूला गेले. कपाळावर घाम आला. कोणाचा तरी पेजर वाजला, तरी तो हलला नाही. वाऱ्याने शर्ट फडफडला, तरी हलला नाही.

"जमलं!" मंडळींतले जयप्रकाशशेठ ओरडले. "अरे शिवराम, डॉक्टर काय, डॉक्टरचा बाप पण पास देईल!"

टाळ्या पडल्या. पोटच्या पोराचा निकाल लागावा तसा मॅडमना आनंद झाला. "डोळे उघडू नका," त्या म्हणाल्या. "असेच राहा."

तेवढ्यात कोणीतरी त्यांचा हात ओढला. शिवरामची बायको, भिमाबाई. ती रोज नवऱ्याबरोबर यायची आणि त्याच्या चपला सांभाळत बाकावर बसायची. आजवर कोणाशी एक शब्द बोलली नव्हती.

"मॅडम, ह्यांना अजून चक्कर येतीय," ती पुटपुटली. "काल मोरीत आली. भिंत धरून खाली बसले. मला म्हनले, मॅडमला सांगशील तर बघ."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "मग आता मी काय करू?"

भिमाबाईने हात सोडला नाही. समोर शिवराम एका पायावर उभा होता, डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने.

"पाडा त्यांना," ती म्हणाली. "धक्का द्या. मनात भीती बसंल असं पाडा. हितं पडले तर नुसते कपडे मळतील."