दोन वाजताची सावली

"कापायचं म्हणजे कापायचं!" छताच्या कठड्यावरून प्यो गुरुजी ओरडले.

खाली शेजारच्या अंगणात सरपंच ग्वोन झाड कापायचं यंत्र हातात धरून उभे होते आणि आज नेमके आपण आजारी का पडलो नाही, याचा विचार करत होते.

झाड शेजारणीचं, जोमसुनचं होतं. पर्सिमॉनचं, केशरी फळांनी लगडलेलं. आणखी दहा दिवसांनी ती फळं उतरवायची, सोलायची, दोऱ्यांना टांगून वाळवायची आणि विकायची. त्यावरच तिचा हिवाळा निघे. शेंड्यावरची चार फळं तेवढी ती रिवाजाप्रमाणे पाखरांसाठी ठेवी. गुरुजींच्या मते नेमकी तीच शेंड्याची फांदी गुन्हेगार होती.

गुरुजींच्या सपाट छतावर वसंतात सहा सौर पॅनेल बसली होती, कमरेइतक्या उंच लोखंडी चौकटीवर. काचांवर ऊन पडलं की वीज तयार होई, जिन्याच्या भिंतीवरची पेटी ती घरात चालेल अशी करून देई, आणि घरात खपली नाही ती तारेवरून गावात जाई. बसवणाऱ्याने बजावलं होतं, "आजोबा, ही सहाही एका माळेत आहेत. एकावर सावली पडली की सगळी ढेपाळतात." गुरुजींना हे लगेच पटलं. चाळीस वर्षं त्यांनी चौथीचा वर्ग असाच चालवला होता. एकाने खोडी काढली की सगळा वर्ग उभा.

"आणि धूळ अधूनमधून पुसत जा," असंही तो म्हणाला होता. अधूनमधून करायचं काम कधीच होत नाही, हा गुरुजींचा अनुभव. म्हणून ते रोज पुसत. जेवण, डुलकी आणि दोनच्या ठोक्याला बादली घेऊन छतावर.

सारं सुरळीत चाललं होतं. मग सुगीच्या सणाला मुलगी आली आणि विजेचा आलेख दाखवणारं ॲप त्यांच्या फोनवर घालून गेली. तेव्हापासून गुरुजींची झोप उडाली. आलेख सकाळपासून टेकडीसारखा चढे आणि दोन वाजता धाडकन खड्ड्यात पडे. अडीचला पुन्हा वर. रोज. फक्त पावसाच्या दिवशी खड्डा नसे. पण पावसात सावलीही नसते, म्हणजे पुरावा आणखीच पक्का! एक्केचाळीस दिवसांच्या नोंदींची वही त्यांनी गावसभेत फडकवली.

"त्या वेळी छतावर दुसरं काळं कुत्रंसुद्धा नसतं," त्यांनी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः हजर असतो."

जोमसुनही काही कमी हट्टी नव्हती. "गुरुजी, तुमची उरलेली वीज तारेवरून माझ्याकडेच येते. माझा किमची मुरवायचा फ्रिज त्यावर चालतो. मी कशाला ती अडवू?"

"तू नाही अडवत. तुझं झाड अडवतं."

"बरं. मग उद्या दोन वाजता मीच छतावर येते. माझ्या झाडाची सावली काचेला नुसती शिवली, तरी पहिला घाव मी घालीन."

सगळ्या गावाने हे ऐकलं. आता माघार नव्हती.

त्याप्रमाणे आज पावणेदोनलाच ती वर आली आणि सोया मुरवायच्या रांजणांमधून वाट काढत पेटीसमोर बसली. पेटीवर त्या त्या क्षणाच्या विजेचा आकडा दिसे.

"मोठ्याने वाच," गुरुजी म्हणाले. "आकडे येतात ना वाचता? चौथीत नऊचा पाढा वर्षभर आला नव्हता तुला."

"तुम्ही वर्षभर उभं ठेवलंत, गुरुजी. बसू दिलं असतं तर आला असता."

"वाच!"

"अठराशे दहा… अठराशे पाच…"

दोन वाजले. गुरुजींनी फडकं पिळलं, रुंद काठाची गवती टोपी नीट बसवली आणि रोजच्याप्रमाणे दक्षिणेच्या बाजूने काचा पुसायला लागले. नेम तो नेम. खटला चालू असला म्हणून काय झालं?

"एक हजार चाळीस," जोमसुनचा आवाज बारीक झाला.

"म्हटलं नव्हतं?" मान न वळवता गुरुजी गरजले.

"नऊशे."

"ग्वोन! सुरू कर रे ते!"

खाली यंत्र गुरगुरलं. जोमसुन ताडकन उठली. तिने झाडाची सावली शोधली. शेंड्यावरच्या चार फळांसकट ती टोकाच्या रांजणाच्या झाकणावर पडली होती, काचेपासून चांगली दोन हात लांब. मग तिने काचेकडे पाहिलं. पाहत राहिली. नऊचा पाढा एका दमात आल्यासारखा तिचा चेहरा उजळला.

"गुरुजी, खाली बसा."

"काय म्हणालीस?"

"बसा म्हणते ना. तिथेच, बादलीशेजारी. टोपीसकट!"

पन्नास वर्षांत प्यो गुरुजींना या सुरात कोणी बसवलं नव्हतं. त्या आश्चर्यानेच ते मटकन बसले.

जोमसुनने पेटीकडे पाहिलं. "अठराशे," तिने वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. मग कठड्यावरून वाकून खाली हाक दिली,

"सरपंच, बंद करा ते! सावली खाली बसली."