यंत्रावरचं शून्य

आखातातल्या हवल्ली शहरातल्या एका दवाखान्यात सिगारेट सोडवायच्या विभागात सुयोग तंत्रज्ञ होता. पेशंटने यंत्रात फुंकलं, की अंगात सिगारेटचा धूर किती भिनलाय त्याचा आकडा पडद्यावर उमटायचा. पेशंटला धीर यावा म्हणून सुयोग आधी स्वतः फुंकून दाखवायचा. त्याचं कायम शून्य. कारण यंत्राला कळायचा तो जळलेल्या तंबाखूचा धूर. सुयोगच्या खिशातल्या वेपमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटमध्ये, जळत काहीच नव्हतं, नुसतं निकोटीन आणि तंबाखूची गोडसर चव. दर वेळी त्याच्या मनाला ते टोचायचं, आणि दर वेळी तो फुंकायचा.

पेडणेकरकाका, एका कंपनीतले ड्रायव्हर, महिनाभर मान खाली घालून येत होते. कधी अठरा, कधी बावीस. "तुमच्यासारखं शून्य माझ्या नशिबात नाय, साहेब."

आज त्यांनी फुंकलं आणि शून्य आलं. सुयोगने उठून त्यांचा हात हातात घेतला. "काका, कसं जमवलंत?"

काका लाजले. इकडेतिकडे बघत त्यांनी खिशातून एक चकचकीत नळी काढली. "तुमच्या शर्टाला वास यायचा ना, साहेब, गोड तंबाखूचा. तो फ्लेवर शोधायला खैतानातली चार दुकानं पालथी घातली. सिगारेटचा जळका ठसका नाय यात, पण दिवसभर ओढतो. म्हटलं, साहेब घेतात म्हणजे औषधच असणार."