उरलेले वजन

सकाळी डॉक्टर देशकरांनी गाडी लावली, थर्मासमधल्या चहाचे दोन घोट घेतले आणि कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या नव्या वजनकाट्यावर त्या स्वतःच उभ्या राहिल्या. आकडा घरच्याइतकाच आला.

पहिले रुग्ण उमरेडचे विणकर गुलाबराव निमजे. दर खेपेला त्यांचे गाल आणखी आत गेलेले असत आणि वजन मात्र वाढलेले. औषधाची मात्रा वजनावरून ठरायची. ती जास्त झाली, तर त्यांच्या मूत्रपिंडांना सोसणार नव्हती. दोन काटे बदलूनही फरक नव्हता, आणि डॉक्टर पुरत्या वैतागल्या होत्या.

गुलाबराव काट्यावर चढले. बासष्ट किलो.

"खिशात काय आहे?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"काही नाही मॅडम. बिडी तं तुम्हीच सोडवली."

"हे तं जेवूनच नाही राहिले," त्यांची बायको शेवंताबाई म्हणाल्या. "मंग वजन काहून वाढून राहिलं?"

"तुले काय ठाव वं, चोरून खातो मी," गुलाबराव हसले.

"उतरा," डॉक्टर म्हणाल्या.

भिंतीचा आधार घेत ते उतरले. आकडा भराभर खाली आला आणि एकोणीसवर थांबला. काट्यावर कोणीच नव्हते.

गुलाबराव खुर्चीकडे वळले, तेव्हा आकडा शून्यावर गेला. ते बसायच्या आधीच खुर्ची करकरली.

डॉक्टरांनी बासष्टातून एकोणीस वजा केले, त्रेचाळीस किलोंची मात्रा लिहिली आणि कागद सिस्टरच्या हाती दिला.